गटात बोलतो कोण? इंग्रजीचा तास, पाण्याची रेल्वे आणि आपली पोरं

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मराठी बुडाली म्हणून बऱ्याच जणांनी गळा काढला. आपल्या वस्त्यांनी मात्र निर्णयाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण आता हिशेब मांडायला हवा. त्या वर्षी पहिलीत बसलेले पोर २०१२ला बारावी झाले. म्हणजे बारा वर्षे इंग्रजी. पदवीची धरली तर चौदा-पंधरा. एवढी वर्षे एखाद्याने तबला शिकला असता तर आज तो भजनी मंडळात नाही तर भीमगीतांच्या पार्टीत वाजवत असता. मग आपले पोरगे पंधरा वर्षे इंग्रजी शिकून एक मिनिट इंग्रजीत का बोलू शकत नाही?

या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारात तयार असतात. पहिले, "यांच्यात मेरिटच नसते." हे उत्तर देणाऱ्यांशी आपण शंभर वर्षे भांडतो आहोत, त्यावर इथे शाई घालवत नाही. दुसरे उत्तर आपल्यातलीच माणसे देतात, "स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव." हे उत्तर जास्त घातक आहे, कारण त्यात सगळा दोष पोराच्या खिशावर आणि जिभेवर जातो. शाळा, कॉलेज, वर्गात कोणाला बोलू दिले आणि कोणाला गप्प बसवले, हे सगळे त्यातून अलगद सुटते.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. नांदेडात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करून पोट भरतो. रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात इंग्रजीचा वर्ग घेतो. महिन्यातले दोन शनिवार लातूरला जातो आणि तिथल्या मित्रांच्या अभ्यासिकेत तोच वर्ग घेतो. सहा वर्षे झाली. पोरं-पोरी अकरावीपासून एम.ए.पर्यंतच्या, मुखेड, कंधार, लोहा, निलंगा, अहमदपूर अशा तालुक्यांतून शिकायला शहरात आलेल्या. कोणाचे आई-बाप ऊसतोडीला जातात, कोणाचे वीटभट्टीवर असतात. फी नाही, पुस्तक नाही. वर्गात एकच गोष्ट चालते. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटापुढे एक अडचण, आणि ती सोडवल्याशिवाय घरी जायचे नाही.

यातली एक अडचण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा कळेल.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, हे सगळ्यांना आठवत असेल. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदीचे कलम १४४ लावले होते. घागर घेऊन पाच माणसे एकत्र उभी राहिली तर गुन्हा, अशी लातूरची अवस्था होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एका टाकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. गटातल्या प्रत्येकाला मी एक चिठ्ठी देतो. पहिलीवर टाक्यांचा आकडा. दुसरीवर २०११च्या जनगणनेतली लातूर शहराची लोकसंख्या, सुमारे तीन लाख ब्याऐंशी हजार. तिसरीवर टँकर किती आणि एकात किती पाणी मावते. हा आकडा मी खेळापुरता ठरवलेला असतो, दहा हजार लिटर. चौथीवर पाणी मागणाऱ्यांची यादी: सरकारी दवाखाना, मुलींचे वसतिगृह, एक झोपडपट्टी, एक मोठे हॉटेल, एक अपार्टमेंट. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही. तिच्यात काय आहे ते इंग्रजीत सांगायचे. पाणी कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायचे ते चौघांनी मिळून ठरवायचे.

पहिली पाच मिनिटे मराठी चालते. नंतर नाही.

आधी कुजबुज होते. मग कोणीतरी भागाकार करतो. पाच लाख भागिले तीन लाख ब्याऐंशी हजार. आणि हमखास कोणाच्या तरी तोंडून निघते, "दादा, वन मॅन वन पॉइंट थ्री लिटर! ओन्ली!" एवढ्या वाक्यात क्रियापद नाही. पण ज्या पोराने पंधरा वर्षांत वर्गात स्वतःहून एकही इंग्रजी वाक्य काढले नव्हते, त्याच्या तोंडून ते निघालेले असते. कारण आकडा डोक्यात शिरलेला असतो. एक बाटलीभर पाणी, दिवसाला, माणशी! त्यानंतर गट थांबवावा लागतो. "इफ वी गिव्ह ऑल, नोबडी गेट." म्हणजे सगळ्यांना सारखे वाटले तर कोणालाच पुरणार नाही. "इफ"चे वाक्य आमच्या पोरांना दहावीत तीन गुणांसाठी शिकवतात. इथे ते त्यांना लागले म्हणून आले.

लातूरच्या वर्गात निलंगा तालुक्यातला एक पोरगा बराच वेळ गप्प होता. चौथी चिठ्ठी त्याच्याकडे होती. यादी वाचून झाल्यावर त्याने झोपडपट्टीच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाला, "धिस लास्ट. ऑलवेज लास्ट." शेजारची मुलगी म्हणाली, "व्हाय लास्ट? हू सेड?" त्याने मराठीत सांगायला सुरुवात केली, तिने थांबवले, "इंग्लिश, इंग्लिश!" मग त्याने तोडक्या-मोडक्या इंग्रजीत सांगितले की त्याच्या गावात टँकर आधी पाटलाच्या वाड्यासमोर थांबतो, मग मंदिरासमोर, आणि वस्तीकडे येईपर्यंत नळीतून नुसती हवा येते. त्याला बोलायला सात-आठ मिनिटे लागली असतील. तेवढा वेळ तीन माणसे त्याच्या तोंडाकडे बघत होती. कोणी हसले नाही, कारण पुढचे कोडे त्याच्या माहितीशिवाय सुटणार नव्हते.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण २० मार्चला साजरा करतो. माझ्या मते त्या दिवशी एका तरी अभ्यासिकेत भाषणाऐवजी ही चिठ्ठ्यांची अडचण ठेवून बघावी.

आता थोडे शास्त्र. ही पद्धत मी शोधलेली नाही आणि ती परदेशातून आलेले फॅडही नाही. १९७९ ते १९८४ या काळात बंगलोरला एन. एस. प्रभू या इंग्रजीच्या अभ्यासकाने दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवायचे, मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब ठेवायचा आणि प्रश्न सोडवायला लावायचे. त्यांचे म्हणणे असे की मन अर्थात गुंतले की भाषेचे रूप माणूस आपोआप उचलतो. त्यांनी अशा कामांचे तीन प्रकार सांगितले. एकाकडे आहे ती माहिती दुसऱ्याकडे नाही, ही माहितीची फट. दिलेल्या माहितीवरून नवी गोष्ट काढायची, ही तर्काची फट. आणि प्रत्येकाचे मत वेगळे, ही मताची फट. पाण्याच्या रेल्वेत तिन्ही आहेत. १९८७ला त्यांचे पुस्तक आले आणि जगभर गाजले. आपल्या दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात, त्यामागे फिरून-फिरून हाच विचार आहे. फक्त आपल्याकडे कृतिपत्रिकेचेही गाइड निघाले, आणि पोरे कृतीही पाठ करू लागली!

पण प्रभूंची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या विरोधात जाते. त्यांचा गटकामाला पाठिंबा नव्हता. मुले आपापसात बोलली तर एकमेकांचे चुकीचे इंग्रजी पक्के करतील, त्यापेक्षा शिक्षकाने आधी सगळ्या वर्गासोबत एक कोडे सोडवावे आणि मग तसेच दुसरे प्रत्येकाने एकट्याने सोडवावे, असे त्यांचे मत होते. युक्तिवाद वजनदार आहे. "नोबडी गेट" म्हणणारे चार जण एकत्र बसले तर "गेट्स" कुठून येणार?

याला माझे उत्तर असे. ज्या घरात बाप इंग्रजी वर्तमानपत्र वाचतो, मामा अमेरिकेत असतो, त्या पोराला शुद्ध इंग्रजी आणि अशुद्ध इंग्रजी यांतून निवड करता येते. आमच्या वर्गातल्या पोराची निवड अशुद्ध इंग्रजी आणि गप्प बसणे यांतली असते. घरी, गावात, एस.टी.त, रूमवर त्याच्याशी इंग्रजी बोलणारे कोणीही नाही. ही तीन पोरेच त्याचे इंग्लंड. चुकांचे काय करायचे ते नंतर करता येते. गटांनी आपापला निर्णय सांगितला की मी त्यांचीच पाच वाक्ये फळ्यावर लिहितो, नाव न घेता, आणि सगळे मिळून ती दुरुस्त करतात. "गेट"ला "स" तिथे लागतो. पण बोललेल्यालाच दुरुस्त करता येते.

आणि एकट्याने सोडवण्यापेक्षा गटाने सोडवावे असे वाटण्याचे दुसरे कारण माझ्यापुरते मोठे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. माणूस खरा विचार करतो तो अडचण समोर आल्यावर, आणि शाळा म्हणजे मुलांनी एकत्र येऊन अडचणी सोडवण्याची जागा, हा ड्यूईंचा विचार. १९१६ला त्यांचे लोकशाही आणि शिक्षणावरचे पुस्तक आले. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची, अनुभवांची देवघेव करण्याची रीत आहे, हे सूत्र बाबासाहेबांनी पुढे 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये जातीवर लावले. जात म्हणजे देवघेव बंद, असे ते. १९५२च्या जूनमध्ये ते कोलंबियाची मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कला गेले आणि त्याच दिवसांत ड्यूई वारले. गुरू-शिष्याची ती भेट राहून गेली. आपण दर वर्षी बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. त्या वर्गात ते काय शिकले याची चर्चा फार कमी करतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर, सगळ्या कॉलेजांत गट पाडा. नाही! गट पाडला की लोकशाही आली, हा समज मला फार धोक्याचा वाटतो. गट म्हणजे छोटे गाव. आणि आपले गाव कसे असते ते आपल्याला माहीत आहे.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने तिच्या कॉलेजातली गोष्ट सांगितली. सरांनी गटाने प्रकल्प करायला सांगितला. "तुमचे तुम्ही गट करा," म्हणाले. दहा मिनिटांत गट झाले, आणि ते मैत्रीचे नव्हते, आडनावांचे होते. जे कोणत्याच गटात बसले नाहीत ते सात जण शेवटी एका गटात आले. त्यात आपले चार, एक पारधी मुलगा, दोन मुसलमान मुली. सरांनी त्या गटाला तक्ता रंगवायचे काम दिले आणि बोलायचे काम पुढच्या बाकावरच्या गटाला दिले. कोणी शिवी दिली नाही, कोणी जात काढली नाही. ॲट्रॉसिटीच्या कोणत्या कलमात हे बसेल? तरी वर्ष संपल्यावर बोलणारे आणखी बोलायला शिकले आणि रंगवणारे आणखी रंगवायला.

एलिझाबेथ कोहेन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्ड विद्यापीठात याच गोष्टीवर आयुष्यभर काम केले. बाहेरच्या समाजात ज्याला मान, तो गटातही जास्त बोलतो. जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो. म्हणून नुसते गट पाडले तर विषमता कमी होत नाही, वाढते. गटाला काम देण्याआधी या मानाच्या उतरंडीवर इलाज करावा लागतो, असे त्यांनी दाखवून दिले.

इलाज कसा, याचे एक उत्तर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ला सापडले. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले कायद्याने नुकतीच एका वर्गात आली होती, आणि रोज मारामाऱ्या होत होत्या. एलियट ॲरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावले. त्याने वर्गात बसून बघितले. शिक्षक प्रश्न विचारतात, पाच-सहा हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीचे चडफडतात, आणि ज्याला येत नाही त्याच्याकडे सगळे तुच्छतेने बघतात. त्याने धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. सगळा धडा कोणाकडेच नाही. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. त्यातला एक मुलगा, ज्याचे नाव त्याने कार्लोस असे सांगितले आहे, घरी स्पॅनिश बोलणारा, इंग्रजीत अडखळणारा. सुरुवातीला गट त्याला हसला. पण त्याच्याकडे होता तो तुकडा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. त्याला चिडवून तो मिळणार नव्हता. मग मुले त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली, आणि तो बोलू लागला.

लक्षात घ्या, त्याने गोऱ्या मुलांना प्रेमाचे प्रवचन दिले नाही. त्याने माहितीची वाटणी बदलली. आमच्या चिठ्ठ्या इथूनच आल्या.

म्हणून आमच्या वर्गात काही गोष्टी ठाम आहेत. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. गटाला पुढारी नाही. शेवटी उभे राहून कोण सांगणार हे काम संपल्यावर चिठ्ठी टाकून ठरवायचे, त्यामुळे चौघांनाही तयार राहावे लागते आणि जो पुढे-पुढे करतो त्याला आपल्या शेजाऱ्याला शिकवावेच लागते. कागदावर लिहायचे काम एका माणसाकडे दोनदा नाही.

हा शेवटचा नियम कुठून आला ते सांगायला हवे, आणि ते आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. विहारातल्या वर्गात सगळे आपलेच, मग उतरंड कसली, असे वाटते. पण बघत राहिले की दिसते. नोकरदाराचे इंग्रजी शाळेत शिकलेले पोर बोलते, ऊसतोड मजुराचे ऐकते. पोरगे बोलते, पोरगी लिहून घेते, कारण "हिचे अक्षर चांगले आहे." आणि बौद्ध पोरे बोलतात तेव्हा मातंग पोरगा हळूच कागद स्वतःकडे ओढतो. कोणी त्याला सांगत नाही. त्याला माहीत असते की विहार कोणाचे. नांदेड-लातूर पट्ट्यात मातंग समाज मोठा आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. १ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने उपवर्गीकरणाला परवानगी दिल्यापासून सोशल मीडियावर आपण एकमेकांशी काय भाषेत बोलतो आहोत ते सगळ्यांनी वाचले आहे. तो वाद घटनेच्या आणि आकडेवारीच्या पातळीवर व्हायचा तो होईल. पण चार माणसांच्या गटात एका पोराला लेखनिक करून ठेवायचे आणि मग "आम्ही सगळे एक" म्हणून बॅनर लावायचे, हे चालणार नाही.

नियम झाल्यावरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो पोरगा उभा राहिला. विषय होता ६ डिसेंबरला नांदेडहून चाळीस माणसांना दादरला न्यायचे. पैसे किती, गाडी कोणती. किनवटकडून येणारी नंदिग्राम की सिकंदराबादकडून येणारी देवगिरी, म्हाताऱ्यांना कुठे बसवायचे, बायकांच्या सोयीचे काय. त्याने हिशेब मांडला आणि शेवटी म्हणाला, "टू सीट्स फॉर माय ग्रँडमदर अँड हर फ्रेंड. दे नेव्हर सॉ चैत्यभूमी." आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या मावशी दाराजवळ बसून ऐकत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'चैत्यभूमी' कळले. त्यांनी त्या वर्षी खरोखरच दोन तिकिटांचे पैसे दिले.

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकू येणारा म्हणजे, "दादा, हे खेळ बंद करा, पोरांना परीक्षेचे शिकवा." लातूरमध्ये तर हा आक्षेप हवेतच आहे. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या पोरांना डॉक्टर-इंजिनियर केले हे मी नाकारत नाही. त्यात आपलीही पोरे आहेत, आणि त्यांच्या आईबापांनी शेत नाही तर दागिने विकून फी भरली आहे. पण त्या पॅटर्नमध्ये बाजूला बसलेला विद्यार्थी हा प्रतिस्पर्धी असतो. गुण उत्तरपत्रिकेवरच्या गोलांना मिळतात, तोंडाला काम नसते. इंग्रजीचा पेपर 'काढून टाकायचा' विषय. मग हेच पोरगे पुण्याला मुलाखतीला जाते. आमच्या वर्गात नंतर आलेला एक इंजिनियर सांगत होता: आठ जणांचे ग्रुप डिस्कशन, वीस मिनिटे. विषय त्याला आठांतल्या कोणापेक्षाही चांगला माहीत होता. पण दुसऱ्याचे बोलणे कुठे संपते, आपण कधी शिरायचे, "मला थोडे वेगळे वाटते" हे कसे म्हणायचे, हे त्याला कोणत्याही टेस्ट सिरीजने शिकवले नव्हते. वीस मिनिटे तो मान डोलावत बसला. नाकारणाऱ्यांनी कारण दिले, कम्युनिकेशन. आरक्षण नसलेल्या खासगी नोकरीत आपल्याला बाहेर ठेवायचे ते आजचे सभ्य नाव आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा. इंग्रजी ही मुक्तीची भाषा, तिच्याबद्दल आदर हवा, तुम्ही तोडकी-मोडकी बोलायला लावून तिचा दर्जा घालवता. सावित्रीमाईंच्या १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, तो आपण अभिमानाने सांगतो. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१०मध्ये काही दलित विचारवंतांनी इंग्रजी देवीचे मंदिर बांधायला घेतले. त्यामागची तळमळ मला समजते. पण देवी केली की तिच्यासमोर माणूस हात जोडतो, तोंड उघडत नाही. आपल्या मागच्या पिढ्यांना भाषेच्या किती देवड्या लागल्या बघा. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. आमच्या मराठवाड्यात १९४८पर्यंत निजामाचे राज्य, म्हणजे दरबार उर्दूचा. संस्थान गेले, १९५०ला बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा कुठे दार उघडले. पुढे विद्यापीठाला त्यांचे नाव मागितले म्हणून याच नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. भाषा बदलत गेली, दरवाजावरचा पहारेकरी तोच राहिला. पहारेकऱ्याला शुद्ध उच्चार आवडतो. आमची पोरे घरी "काय करूलालास" म्हणतात म्हणून पुण्यात त्यांच्या मराठीलाही हसतात, मग इंग्रजी कितीही घासून-पुसून घेतली तरी हसणारा थांबणार आहे का?

तिसरा आक्षेप प्राध्यापक मित्रांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. एका वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी, जमिनीला ठोकलेले बाक, आणि शिकवणारा स्वतः तासिका तत्त्वावर, तीन कॉलेजांत पळणारा. तो चिठ्ठ्या कधी करणार? त्याला पद्धत शिकवण्यापेक्षा आधी कायमची नेमणूक द्या. प्राध्यापक भरतीचा लढा आणि इंग्रजीचा तास हे दोन विषय नाहीत. आम्ही विहारात जे करतो ते सरकारच्या कामाला पर्याय म्हणून कोणी दाखवू नये.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालणारी अडचण मात्र पाण्याची नाही, शिष्यवृत्तीची आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला आहे, का परत आला ते शोधा. एकाकडे उत्पन्नाच्या दाखल्याची नक्कल, दुसऱ्याकडे जातीचा दाखला, तिसऱ्याकडे बँकेचे पासबुक, चौथीकडे कॉलेजचे प्रवेशपत्र. नावे अर्थातच खोटी. उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का? तारीख संपली का? आडनावात एका ठिकाणी 'बी'नंतर 'एल' आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मध्ये 'ए' घुसला आहे का? पोरे एकमेकांना अक्षर-अक्षर विचारतात, "स्पेल युवर सरनेम, स्लोली." आडनाव मोठ्याने, इंग्रजीत, अक्षर-अक्षर सांगायला आपल्या पोरांना किती जड जाते हे ज्याने ऐकले नाही त्याला कळणार नाही. इथे ते वीस वेळा सांगावे लागते, कारण घोळ तिथेच असतो. चूक सापडली की गटाने अधिकाऱ्याला इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिहायचा. असे सराव म्हणून लिहिलेले अर्ज नंतर काही जणांनी स्वतःच्या खऱ्या नावाने दिले, आणि एका मुलीची अडलेली शिष्यवृत्ती जमा झाली. ती आता वर्गात चिठ्ठ्या करायचे काम करते.

परवा तिने नवीन संच आणला. घरकुलाची यादी, ग्रामसभेचा ठराव, सात-बाराचा उतारा आणि एक फोटो. सगळे तिच्याच गावचे, नावे बदललेली. स्मशानभूमीच्या जागेचा वाद आहे. मी विचारले, याचे उत्तर काय? ती म्हणाली, "उत्तर मला पण माहीत नाही दादा, म्हणून तर आणलंय." येत्या रविवारी पाच गटांपुढे ते ठेवणार आहोत. ज्या कार्यकर्त्यांना बघायला यायचे असेल त्यांनी जरूर यावे, पण भाषण करायला नको. चिठ्ठी घेऊन गटात बसावे लागेल.